खगोल-कॅमेऱ्याचे सॉकेट वजन पेलण्यासाठी नसते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत खगोलछायाचित्रणाच्या छंदावर आलेला लेख मी आवडीने वाचला. पावसाळा सरल्यावर कोजागरीपासून होळीपर्यंत आपल्याकडचे आकाश मोकळे असते आणि या महिन्यांत मुंबईजवळच्या वांगणीपासून पेंचमधल्या सिल्लारीपर्यंत ठिकठिकाणी दुर्बिणी उभ्या राहतात, त्यामुळे लेख अगदी वेळेवर आला. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाल्यापासून अंधाऱ्या आकाशाच्या शोधात निघणाऱ्यांची पावले तिकडेही वळू लागली आहेत. लेखात दुर्बिणीची निवड, संवेदकाचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) आकार, शीत (संवेदक गार ठेवणारा) कॅमेरा घ्यावा की साधा, या सर्वांची चांगली चर्चा आहे. मात्र कॅमेरा घरी आल्यावर त्याला फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारी चकती), गाइड कॅमेरा (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण अचूक रोखायला मदत करणारा दुसरा कॅमेरा), फोकसर (प्रतिमा स्पष्ट करणारा भाग), वीज आणि संगणक जोडायचा कसा, हा भाग लेखाने एका वाक्यात उरकला आहे. मी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि हौशी निरीक्षकांचे कॅमेरेही माझ्याकडे येतात. संवेदक निकामी झालेला कॅमेरा त्यांत क्वचितच असतो. बहुतेकांचे सॉकेट, म्हणजे केबलचा प्लग ज्यात बसतो ते तोंड, हललेले, वाकलेले किंवा बोर्डावरून उखडलेले असते. म्हणून त्या एका वाक्यात राहून गेलेल्या गोष्टी सविस्तर लिहिण्याची परवानगी घेत आहे.

प्रथम हे सॉकेट आत कसे बसवलेले असते ते पाहू. बाहेरून आपल्याला ॲल्युमिनियमच्या जाड नळकांड्यातली एक चौकोनी खिडकी दिसते आणि ते सॉकेट त्या धातूतच घट्ट रोवलेले आहे, असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक कॅमेऱ्यांत ते आतल्या हिरव्या सर्किट बोर्डाच्या कडेला सोल्डरने चिकटवलेले असते आणि धातूच्या कवचाला नुसते भोक पाडलेले असते. सॉकेटच्या धातूच्या आवरणाला दोन-चार पाय असतात आणि मुख्य भार ते घेतात; माहिती वाहून नेणारे संपर्क मात्र तांब्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्यांवर टेकलेले असतात. प्लगला बाजूने जोर बसला की आधी पायांचे सोल्डर तडकते, मग सगळा भार त्या पट्ट्यांवर येतो आणि त्या बोर्डावरून सुटतात. सोल्डर तडकण्यापर्यंतचे नुकसान थोड्या वेळात दुरुस्त होते. पण पट्टी उखडली की सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तारेचा पूल बांधावा लागतो आणि बोर्ड अनेक थरांचा असेल तर तोही नेहमी साधत नाही.

प्लग सरळ आत-बाहेर करणे सॉकेटला सोसते. यूएसबीच्या मानकानुसार मोठ्या बी प्रकारच्या सॉकेटने किमान 1,500 वेळा, मिनी-यूएसबीने 5,000 वेळा आणि सी प्रकाराने 10,000 वेळा प्लग घालणे-काढणे सहन करावे लागते. हौशी माणूस एवढ्या वेळा कॅमेरा जोडणार नाही, तेव्हा सॉकेट झिजून संपण्याची भीती फारशी नाही. परंतु हे आकडे सरळ रेषेतल्या हालचालीचे आहेत. केबल लोंबकळत ठेवणे, केबलला धरून कॅमेरा फिरवणे, अंधारात प्लग चाचपडत तिरका दाबणे यांचा त्यांत हिशेब नाही. केबलला धरून कॅमेरा उचलणे म्हणजे चहाची किटली तोटीला धरून उचलणे होय. पण निरीक्षणाच्या रात्री थंडीने बधिर झालेल्या हातांनी नेमके तेच केले जाते. जाता जाता एक सांगावेसे वाटते. मायक्रो आणि सी प्रकारांत स्प्रिंगसारखे दबणारे संपर्क कॅमेऱ्यात न ठेवता केबलच्या प्लगमध्ये ठेवलेले आहेत, जेणेकरून झिजायची वेळ आली तर स्वस्तातली केबल आधी झिजावी. सी प्रकाराचा प्लग सैल वाटू लागला, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. मात्र सी सॉकेटच्या मध्यभागी असलेली जीभ जेमतेम 0.7 मिलिमीटर जाडीची असते आणि तिरक्या दाबाला तीच पहिल्यांदा बळी पडते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, कॅमेऱ्याची यांत्रिक जोडणी आणि विजेची जोडणी या दोन कामांची सरमिसळ करू नये. जोडणीची धातूची कडी, फिल्टर व्हील, ऑफ-ॲक्सिस गाइडर (दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारा भाग) हे सर्व आधी बसवून घट्ट करावे आणि तोवर एकही केबल कॅमेऱ्याला लावू नये. याचे कारण अंतराच्या गणितात आहे. फील्ड फ्लॅटनर किंवा कोमा करेक्टर (चित्राच्या कडेचे तारेही रेखीव यावेत म्हणून लावायची भिंगे) वापरला, तर त्याच्या मागच्या कडेपासून संवेदकापर्यंत बहुधा 55 मिलिमीटर अंतर राखावे लागते. अनेक शीत कॅमेऱ्यांत संवेदक पुढच्या कडेपासून 17.5 मिलिमीटर आत असतो, म्हणजे उरलेले 37.5 मिलिमीटर कड्यांनी आणि फिल्टर व्हीलने भरायचे. शिवाय मध्ये काचेचा फिल्टर आला की त्याच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश इतके अंतर वाढवावे लागते. हे जुळेपर्यंत कडी चार वेळा काढावी-घालावी लागतात. केबल लावलेल्या अवस्थेत हे काम केले की कॅमेरा फिरवताना प्रत्येक वेळी पिळ बसतो तो केबलला, आणि केबल तो पिळ सॉकेटपर्यंत पोहोचवते.

आट्यांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण सॉकेटइतकीच नाजूक जोडणी तीही असते. खगोल-कॅमेऱ्यांवर सर्वांत रुळलेला टी-आटा 42 मिलिमीटर व्यासाचा आणि 0.75 मिलिमीटर पिचचा (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचा) असतो. जुन्या पेंटॅक्स आणि प्रॅक्टिका कॅमेऱ्यांच्या लेन्सचा आटाही 42 मिलिमीटरचाच, पण पिच 1 मिलिमीटर. दोन्ही कडी हातात सारखीच दिसतात, एकमेकांत थोडी फिरतातही, आणि मग अडकतात. त्या क्षणी पान्याने जोर लावणाऱ्याने ॲल्युमिनियमचा मऊ आटा कायमचा मारला असे समजावे. मोठ्या संवेदकांसाठी 48 आणि 54 मिलिमीटरचे आटे असतात. लहान ग्रहीय कॅमेऱ्यांवर एक इंच व्यासाचा आणि इंचाला 32 आटे असलेला सी-माउंट असतो. कडे विकत घेताना व्यासाबरोबर पिचही विचारावा. कडे बसवताना ते आधी उलट्या दिशेने हलकेच फिरवावे. आट्याचे तोंड तोंडात पडल्याचा बारीकसा टिक हाताला जाणवतो आणि मग ते सुलट फिरवावे. पहिले दोन वेढे दोन बोटांनी, जोर न लावता गेले पाहिजेत. कडे अडकलेच तर ते मुठीत आवळू नये, कारण पातळ कडे दाबाने लंबगोल होते आणि अधिकच घट्ट बसते. सायकलच्या ट्यूबची पट्टी कड्याभोवती गुंडाळून, सगळीकडे सारखा आणि हलका दाब देऊन फिरवले, तर बहुतेक कडी सुटतात. अशा वेळी दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याचे नळकांडे धरावे. फिल्टर व्हीलची पेटी किंवा मागे आलेला प्लग यांना पकड म्हणून वापरणाऱ्यांची संख्या, दुर्दैवाने, कमी नाही.

शेवटचे कडे आवळण्याआधी कॅमेऱ्याची सॉकेटे कोणत्या दिशेला येतात ते पाहावे. ती खाली किंवा दुर्बिणीच्या नळीकडे आली, तर केबल नळीलगत नेता येते आणि दंवाचे पाणीही सॉकेटमध्ये साचत नाही. ती नेमक्या जागी यावीत म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहूनही पातळ चकत्या मिळतात. त्या घालून कॅमेऱ्याचा कोन बदलता येतो. सव्वा इंची नळीने आणि एका अंगठ्याच्या स्क्रूने धरलेला पाऊण किलोचा कॅमेरा मात्र मला कधीच सुरक्षित वाटत नाही. केबलच्या ओढीने तो रात्रीतून हळूहळू फिरतो, मग मालक तो फिरवून पूर्ववत करतो आणि त्या ओढाताणीत सॉकेटचे सोल्डर सैल होते. शक्य तिथे जोडणी आट्यांचीच असावी.

यांत्रिक जोडणी झाली की केबल लावायच्या, पण त्याही आधी केबलला बांधायची जागा ठरवायची. प्रत्येक केबल प्लगपासून वीतभर अंतराच्या आत कॅमेऱ्याच्या कवचाला, फिल्टर व्हीलच्या पेटीला किंवा दुर्बिणीच्या पट्टीला वेल्क्रोने बांधलेली असावी आणि बांधलेल्या जागेपासून प्लगपर्यंत तिला सैलसर वळण असावे. मग कोणी अंधारात केबलला अडखळला तरी झटका वेल्क्रो घेईल आणि सॉकेटला तो कळणारही नाही. प्लास्टिकचे केबल टाय करकचून आवळल्यास केबलच्या आतल्या तारा दबतात, त्यामुळे मी वेल्क्रो पसंत करतो. यूएसबी 3.0 ची चांगली केबल जाड आणि ताठ असते आणि तिची लांबी सहसा तीन मीटरच्या आत ठेवावी लागते. ती ओढून-ताणून संगणकापर्यंत पुरवण्यापेक्षा संगणक जवळ आणावा, किंवा दुर्बिणीवरच एक छोटा संगणक अथवा हब बसवून खाली फक्त एक-दोन तारा सोडाव्यात. अनेक शीत कॅमेऱ्यांच्या मागे यूएसबीची दोन जादा सॉकेटे दिलेली असतात. फिल्टर व्हील आणि गाइड कॅमेरा तिथेच आखूड केबलने जोडले की लोंबणाऱ्या तारा आपोआप कमी होतात. काटकोनी प्लग मिळाला तर उत्तम, कारण कॅमेऱ्यातून मागे येणारी लांबी कमी झाली की तरफेचा जोरही कमी होतो. मात्र त्याचे तोंड कोणत्या बाजूला वळते ते घेण्याआधी पाहून घ्यावे.

ही मागे येणारी लांबी किरकोळ समजू नये. काट्याच्या माउंटवरची (दुर्बीण दोन दांड्यांत धरून फिरवणाऱ्या बैठकीवरची) दुर्बीण डोक्यावरच्या आकाशाकडे वळली की कॅमेरा खाली पायथ्याजवळ येतो. कॅमेरा स्वतः पायथ्याला न लागता निघून जातो, पण त्याच्या मागे सरळ घातलेला प्लग तीन-चार सेंटिमीटर बाहेर असतो आणि तो पायथ्यावर आदळतो. मोटर थांबत नाही. ती सॉकेट आत दाबत राहते. जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय माउंटवर लांब अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण असेल, तर खमध्याजवळ, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूजवळ, हाच प्रकार तिपाईच्या पायाशी होतो. तारा मध्यमंडल (आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तेव्हा हे माउंट दुर्बिणीला पूर्ण वळसा घालून दुसऱ्या बाजूला नेते आणि त्या वळशात केबल एखाद्या खुंटीला अडकली की प्लग उपसला जातो. म्हणून सगळे बांधून झाल्यावर, वीज देण्याआधी, माउंटचे दोन्ही क्लच सैल करून दुर्बीण हाताने चारही दिशांना, डोक्यावर आणि मध्यमंडलाच्या पलीकडे फिरवून पाहावी. कोठे केबल ताणते, कोठे प्लग घासतो, हे पाच मिनिटांत कळते. हे काम दिवसा उजेडी, घराच्या अंगणात करावे. माळरानावर रात्री नऊ वाजता लाल बॅटरीच्या उजेडात नव्हे.

आता विजेकडे वळतो. माझ्या मते सर्वाधिक गैरसमज येथेच आहेत. शीत कॅमेऱ्याचे शीतक चालवण्यासाठी 12 व्होल्ट वीज लागते आणि पूर्ण शीतनावर तो सुमारे तीन अँपिअर प्रवाह घेतो. त्याचे गोल सॉकेट बहुधा बाहेरून 5.5 आणि आतून 2.1 मिलिमीटरच्या प्लगसाठी असते, मधली पिन धन. बाजारात याच बाह्य व्यासाचे, पण आतून 2.5 मिलिमीटरचे प्लग सर्रास मिळतात. असा प्लग 2.1 च्या सॉकेटमध्ये सहज जातो, दिवाही लागतो, पण आतल्या पिनेला तो जेमतेम टेकलेला असतो. तीन अँपिअर प्रवाह अशा अर्धवट संपर्कातून गेला की सॉकेट तापते, त्यातली स्प्रिंग मऊ पडते आणि माउंट जरा हलले की कॅमेरा क्षणभर बंद पडतो. मग कॅमेऱ्याचे संगणकातले ड्रायव्हर-सॉफ्टवेअर बदलले जाते, संगणकाची प्रणाली नव्याने टाकली जाते, आणि दोष मात्र शंभर रुपयांच्या प्लगमध्ये असतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, काही लॅपटॉपच्या 19 व्होल्टच्या चार्जरचाही प्लग याच 5.5 आणि 2.5 मापाचा असतो. अंधारात दोन काळे चार्जर शेजारी पडलेले असताना कोणता हातात येईल याचा भरवसा नाही, तेव्हा कॅमेऱ्याच्या तारेवर दोन्ही टोकांना ठळक रंगाची चिकटपट्टी लावून ठेवावी. तारेच्या जाडीचाही विचार करावा. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार पाच मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर होते आणि तीन अँपिअरला तिच्यातच सुमारे एक व्होल्ट गळतो. शीतक कमी पडते म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आधी ही तार मापावी.

दुसरा गैरसमज दोन पिनांच्या चार्जरचा आहे. गावाकडच्या घरांत, शेतावरच्या खोलीत, शाळेच्या गच्चीवर अर्थिंग नसणे किंवा नुसते नावापुरते असणे, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. अशा जागी दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर तो मिणमिणता पेटतोही. चार्जरमध्ये विजेचा गोंगाट दाबण्यासाठी मुख्य वीज आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर बसवलेला असतो आणि त्यातून झिरपणाऱ्या विजेमुळे अर्थिंग नसलेल्या लॅपटॉपच्या अंगावर साधारण शंभर व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला धोका नसतो, पण कॅमेऱ्यातल्या चिपला तो पुरेसा असतो. लॅपटॉप एका चार्जरवर, कॅमेरा दुसऱ्यावर, माउंट तिसऱ्यावर, आणि या तिघांना चालू स्थितीत एकमेकांशी जोडताना जो पहिला संपर्क होतो, त्यातून हा सगळा फरक एका क्षणात वाहून जातो. यूएसबीच्या रचनेत याची काळजी घेतली आहे: धातूचे आवरण आधी भिडते, मग विजेचे लांब संपर्क, आणि शेवटी माहितीचे आखूड संपर्क. गोल डीसी प्लगमध्ये आणि टेलिफोनच्या प्लगसारख्या सॉकेटांमध्ये अशी क्रमवारीची खात्री नसते.

यावर उपाय खर्चिक नाही. मैदानावर सर्व उपकरणे एकाच बॅटरीवर चालवावीत आणि जोडणी करताना लॅपटॉप त्याच्या आतल्या बॅटरीवर ठेवावा. घरी किंवा शाळेत करायचे असेल, तर खात्रीच्या अर्थिंगचे तीन पिनांचे सॉकेट वापरावे आणि सगळी उपकरणे एकाच पट्टीवर घ्यावीत. पट्टीचे बटण बंद ठेवून आधी यूएसबी, मग इतर केबल, शेवटी 12 व्होल्टचा प्लग, आणि मग बटण चालू, हा क्रम असावा. काम संपल्यावर शीतक हळूहळू बंद करून, संवेदकाचे तापमान हवेच्या जवळ आल्यावर, संगणकातून कॅमेरा वेगळा करून, मुख्य बटण बंद करावे आणि मगच प्लगांना हात लावावा. प्लग काढताना तो डोक्याला धरून सरळ मागे घ्यावा, डावी-उजवीकडे हलवून सैल करू नये. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा स्वेटर घालून प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठल्यावर अंगावरही वीज साठलेली असते. कॅमेऱ्याच्या सॉकेटजवळ बोट नेण्याआधी माउंटच्या उघड्या धातूला हात लावण्याची सवय असावी आणि सॉकेटच्या आतल्या पिनांना बोट कधीच लावू नये.

टेलिफोनच्या प्लगसारख्या सॉकेटाचा उल्लेख आलाच आहे. गाइड कॅमेऱ्यावरचे हे सहा पिनांचे सॉकेट एसटी-4 या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील एसबीआयजी कंपनीच्या त्याच नावाच्या मार्गदर्शक यंत्रावरून ते रूढ झाले. त्यातून माउंटला डावीकडे-उजवीकडे, वर-खाली अशा फक्त चार सूचना जातात. अडचण अशी की, काही माउंटवर याच आकाराचे दुसरे सॉकेट शेजारीच असते आणि त्यात 12 व्होल्ट वीज असते. कॅमेऱ्याची केबल चुकून तिथे गेली, तर कॅमेऱ्याचे मार्गदर्शनाचे सर्किट जळू शकते. काही माउंटवर हँड कंट्रोलरचे सॉकेट संगणकाच्या लॅन सॉकेटसारखे दिसते, तोही असाच सापळा आहे. माझा सल्ला थोडा कठोर वाटेल, पण आजच्या बहुतेक संगणक-नियंत्रित माउंटना मार्गदर्शनाच्या सूचना यूएसबीमार्गे थेट देता येतात आणि पीएचडी-2 सारखी मोफत प्रणाली ते काम उत्तम करते. अशा माउंटसोबत एसटी-4 ची केबल मुळात लावूच नये. सोबत आली म्हणून केबल जोडलीच पाहिजे, असा काही नियम नाही. ज्यांच्या जुन्या माउंटला ती लावावीच लागते, त्यांनी माउंटवरच्या शेजारच्या सॉकेटात रबराचे बूच कायमचे बसवून ठेवावे. या प्लगची प्लास्टिकची कळ तुटली असेल, तर नवा प्लग बसवावा. टेप गुंडाळून तो कोंबू नये.

दंव आणि धूळ यांविषयी थोडक्यात लिहितो. कोकणात आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मध्यरात्रीनंतर दुर्बिणीवरून पाणी ओघळते. कॅमेरा रिकामा असताना त्याच्या प्रत्येक सॉकेटवर रबरी बूच असावे. गार झालेला कॅमेरा घरात आणल्यावर पिशवी लगेच उघडू नये. तो घराच्या तापमानाला आला की मगच उघडावी, नाही तर दमट हवेतले पाणी सरळ सॉकेटच्या पिनांवर जमते. पिनांवर हिरवट थर दिसला, तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने, वीज पूर्ण बंद असताना, तो हलकेच पुसता येतो. बिजागऱ्यांवर मारायचे तेलकट फवारे येथे नकोत. त्यांच्या थरावर धूळ बसते आणि ते वाफ होऊन संवेदकाच्या काचेपर्यंतही पोहोचतात. लडाखमधल्या हानले येथे 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह घोषित झाल्यापासून आपल्याकडचे अनेक निरीक्षक तिकडे जाऊ लागले आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे की साडेचार हजार मीटर उंचीवरच्या थंडीत साध्या पीव्हीसी आवरणाची केबल काठीसारखी ताठ होते आणि माउंटची प्रत्येक हालचाल सॉकेटपर्यंत पोहोचवते. तिकडे सिलिकॉन आवरणाच्या तारा न्याव्यात.

सॉकेट हलत आहे, असे लक्षात आल्यावर काय करावे, हेही विचारले जाते. प्लग एका विशिष्ट कोनात धरला की कॅमेरा चालतो, असे दिसले की त्याच क्षणी वापर थांबवावा. रबरबँड लावून, खाली कागदाची घडी सारून ती रात्र निभावून नेण्याचा मोह होतो. पण हललेल्या सॉकेटचे उखडलेल्या सॉकेटमध्ये रूपांतर याच रात्री होते. या टप्प्यावर दुरुस्ती साधी असते. ‘फेविक्विक’सारख्या चिकटद्रव्याने सॉकेट घट्ट करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण ते द्रव आत संपर्कांवर पसरते आणि त्याची वाफ काचेवर पांढरट थर धरते. कॅमेरा उघडायचा असेल, तर शीत कॅमेऱ्यातला संवेदकाचा कप्पा हवाबंद असतो आणि त्यात ओल शोषणाऱ्या गोळ्या असतात, हे ठाऊक असलेल्या माणसाकडेच तो द्यावा. मागचा बोर्ड काढताना पुढचा कप्पा उघडण्याची गरज बहुधा नसते.

आणखी दोन गोष्टी, ज्या एकट्या ग्राहकाच्या हातातल्या नाहीत. खगोल-कॅमेरे बहुतांशी परदेशांतून, विशेषतः चीनमधून येतात, येथे विक्रेते ते आयात करून विकतात आणि हमीपत्रात आदळ-आपट, ओढाताण यांसारखे भौतिक नुकसान बहुतेक वेळा वगळलेले असते. दीड-दोन लाखांच्या वस्तूचे सॉकेट उखडले, तर ग्राहकापुढे परदेशी पाठवणी, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि महिनोन्‌महिन्यांची वाट एवढेच उरते. विक्रेत्यांनी कॅमेऱ्यासोबत केबल आधाराची एक छोटी धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी द्यावी. तिचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे आणि आज थ्री-डी प्रिंटरवर ती कोणत्याही शहरात करून मिळते. त्याबरोबर किती व्होल्ट, किती अँपिअर, मधली पिन धन की ऋण, प्लगचे आतले माप किती आणि आट्याचा पिच किती, एवढी माहिती मराठीत छापलेला एक कागद द्यावा. इंग्रजी माहितीपुस्तिकेच्या कोपऱ्यात ही माहिती असते, परंतु तालुक्याच्या शाळेत अनुदानातून आलेला कॅमेरा जोडणाऱ्या शिक्षकापर्यंत ती पोहोचत नाही.

दुसरी विनंती खगोलप्रेमी मंडळांना आहे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून मुंबईच्या खगोल मंडळापर्यंत अनेक संस्थांनी आकाशदर्शनाची परंपरा महाराष्ट्रात रुजवली आणि नवख्यांना तारे ओळखायला शिकवले. आता सभासदांच्या हाती कॅमेरे आले आहेत, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला एक दुपार केवळ जोडणीसाठी ठेवावी. प्रत्येकाने आपला संच आणावा, दिवसाच्या उजेडात पूर्ण जोडावा, दुर्बीण सर्व दिशांना फिरवून दाखवावी आणि अनुभवी सभासदाने केबल हलकेच ओढून झटका वेल्क्रोवर येतो की सॉकेटवर, हे तपासावे. त्या दुपारी मल्टिमीटर घेऊन जागेचे अर्थिंगही मोजून घ्यावे. शाळा-महाविद्यालयांच्या गच्चीवरचे अर्थिंग सुस्थितीत नसल्यास ते नीट करण्यासाठी वायरमनला बोलावणे हे संस्थेचे काम आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे. आणि ते होईपर्यंत त्या गच्चीवर कॅमेरा बॅटरीवरच चालवावा.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञ व हौशी आकाशनिरीक्षक,
सातारा